पेट्रोलची जीप डिझेलवर कशी आली

आज लढाई नाही, सेनापती नाही. आज एका जुन्या गाडीबद्दल बोलायचंय.

रायपूरला माझ्या घरासमोर एक महिंद्राचा डिझेल पिकअप उभा असतो. निवृत्तीनंतर आरंगकडच्या थोड्याशा शेतीसाठी तो मी जुन्या बाजारातून घेतला. हौद्याला इकडे 'डाला' म्हणतात. मी डाला ठोकून पाहिला, चासीखाली आडवा झालो, पाटे मोजले. फौजेत गाड्यांचा ताफा सांभाळलेला माणूस, मला कोण फसवणार? आठ दिवसांनी कळलं की ब्लॉकवरचा इंजिन नंबर एक आणि आरसीवरचा भलताच. विकणाऱ्याला गाठलं, तर तो शांतपणे म्हणाला, "साहब, इंजन तो सबका बदला हुआ है."

मी चिडलो खरा. पण त्या एका वाक्यात आपल्याकडच्या जीप-पिकअपचा पन्नास वर्षांचा इतिहास होता.

जीप हे युद्धाचं अपत्य. युद्धात पेट्रोलचं बिल ड्रायव्हरच्या खिशातून जात नाही, त्यामुळे गाडी किती पिते हा प्रश्नच नव्हता. 1947मध्ये विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत उतरले आणि माझगावात महिंद्रा कंपनी ते जोडू लागली. ती गाडी पेट्रोलचीच. मी स्वतः जी जोंगा चालवली तीही पेट्रोलची: मूळ आराखडा निसान पेट्रोलचा (हे गाडीचं नाव, इंधनाचं नव्हे), बांधणी जबलपूरच्या वाहन कारखान्यात, इंजिन सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं. चढावर राजासारखी जायची. मायलेजबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

शेतकऱ्याला मात्र बोलावं लागतं. ऑक्टोबर 1973मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. आपल्याकडे शेती आणि मालवाहतुकीसाठी सरकारने डिझेल स्वस्त ठेवलं, पेट्रोल मात्र श्रीमंतांचं मानलं. मग काय, ज्याच्याकडे जीप होती तो डिझेलकडे बघू लागला. खुद्द महिंद्राने पहिला मोठा बदल केला तो घरातल्याच वस्तूने: इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. ज्यांनी त्या जीपमधून प्रवास केलाय त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. 1979मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला आणि एक्सडीपी 4.90 हे इंजिन आलं. 4 म्हणजे सिलिंडर, 90 म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. एकूण 2112 सीसी. नाशिक जिल्ह्यातलं इगतपुरी हे पुढे महिंद्राच्या इंजिनांचं गाव झालं.

पण कंपनीने नवं काढलं म्हणून जुनं थोडंच भंगारात जातं! लिलावात सुटलेल्या सरकारी जीप, डिस्पोजलच्या जोंगा, पेट्रोल पिणाऱ्या अॅम्बॅसडर यांचं काय करायचं, हे मिस्त्रींनी ठरवलं. पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन, अपघातातल्या गाडीचं प्यूजो, जे हाताला लागेल ते त्यांनी बसवलं. मागचा भाग कापून हौदा केला.

हे काम सोपं नव्हतं. डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा दाबूनच ती इतकी तापवावी लागते की इंधन आपोआप पेटतं. म्हणून ब्लॉक जाड, इंजिन जड. पुढचे पाटे बसतात, एखादा वाढवावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, मग मध्ये प्लेट कापून घालायची. डिझेल कमी फेऱ्यांवर ओढतं, पण जास्त फेऱ्या मारत नाही. जुन्या जीपच्या 5.38च्या क्राउन-पिनियनवर ते साठच्या पुढे नुसतं ओरडत राहतं. मिस्त्रींनी हे सगळं कागदाशिवाय सोडवलं. मला त्यांचं कौतुक आहे, आणि इथपर्यंत ही गोष्ट सांगायला सगळ्यांना आवडते.

आता न आवडणारा भाग. पेट्रोल इंजिनच्या हवेच्या वाटेत झडप असते, तिच्यामागे निर्वात पोकळी तयार होते आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. साध्या डिझेल इंजिनात ती झडप नसते. त्यामुळे व्हॅक्युमचा वेगळा पंप लागतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या मागे. इंजिन बदलताना सगळ्यांचं लक्ष ओढीवर असतं, या पंपाच्या नळीकडे कोण बघतो?

मीही बघितलं नव्हतं. कोंडागावहून पाइप भरून परत येत होतो. केशकाल घाटाच्या बारा वळणांपैकी तिसऱ्या की चौथ्या वळणावर पेडल दगडासारखं झालं. दोन्ही पाय लावले, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. पुढे एक बस होती, माणसांनी भरलेली. बॉनेट उघडलं तर व्हॅक्युमच्या नळीचा सांधा सुटलेला. तो कोणीतरी सायकलच्या ट्यूबने जोडून तारेने बांधला होता.

9 जानेवारी 2019 रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52चा अर्थ स्पष्ट केला: निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. गाड्या सजवणारी तरुण मुलं तेव्हा फार चिडली. माझा पुतण्याही. मला फौजी म्हणून त्यांची बाजू थोडी कळते. आम्हीही वाळवंटात नियमाबाहेरच्या दुरुस्त्या करून गाड्या चालत्या ठेवल्या. फरक एवढाच की तिथे प्रत्येक गाडीची लॉगबुक होती, आणि कोणी काय बदललं ते पुढच्या ड्रायव्हरला वाचता येत होतं. बाजारातल्या पिकअपची लॉगबुक म्हणजे मिस्त्रीची आठवण, आणि मिस्त्री गाडीबरोबर विकला जात नाही.

घाटातून गाडी ओढून आणली. ते इंजिन काढलं, आरटीओची परवानगी घेऊन त्याच बनावटीचं, पावतीचं इंजिन बसवलं. पंप आणि नळ्या नव्या घातल्या. कागदांना चार महिने लागले, खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला. सौभाग्यवती म्हणाल्या, एवढ्यात नवी आली असती. नसती आली, पण वाद घातला नाही.

जुनं इंजिन मिस्त्रीने मागितलं. "किसी और में लग जाएगा, साहब." मी दिलं नाही. ते अजून अंगणात ताडपत्रीखाली आहे.