जीप विकताना
आज पिकाचं नाही, जीपचं लिहितो. आमची १९६८ ची सीजे-३बी विकायला काढली आहे.

बघायला आलेल्या पोराने पहिलंच विचारलं, "काका, यात ओरिजिनल किती?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. शेतकऱ्याची जीप मुळात बदल होऊनच आलीय ना! महायुद्ध संपलं तसं अमेरिकेत विलीज कंपनीने १९४५ साली लष्करी जीपला मागे उघडणारी फळी दिली, दिवे मोठे केले, जाळीच्या नऊ फटींच्या सात केल्या आणि ती शेतकऱ्यापुढे ठेवली. नांगर ओढा, पीटीओवर यंत्र चालवा, बाजारालाही न्या. (नांगराचं सोडा, पण फवारणीच्या टाकीचा गाडा आमच्या जीपने ओढला.) महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. सीजे-३बीचं बॉनेट उंच, कारण तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर गेले आणि इंजिनाची उंची वाढली.

आमच्या त्या बॉनेटखाली आज डिझेल आहे. पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन बसवलं. याला जुगाड म्हणू नका. सत्तरच्या दशकात महिंद्राने स्वतः हेच केलं, ट्रॅक्टरचं इंजिन त्यांच्या घरचंच होतं. त्यामुळे नोझल, पंपाचं काम ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडेच होतं. वडिलांनी मात्र तेव्हाच आरटीओत खेटे घालून आरसीवर डिझेल आणि नवा इंजिन नंबर चढवून घेतला.

त्या कागदाची किंमत आता कळते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरसीवरचा कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालणार नाही, आणि इंजिन बदलायलाही परवानगी लागते.

चूक माझी आहे. रुंद टायर आणि पुढचा लोखंडी बंपर मी हौसेने लावले, कागदावर काहीच नाही. पोराला नेमकं तेच हवं होतं, वीस हजार जास्त देत होता. मी दोन्ही उतरवले. उतारावर तिसरा गिअर सुटतो आणि चेसिसला मागे डावीकडे वेल्डिंग आहे, तेही दाखवलं. ऑइल बदलल्याच्या नोंदींची वही दिली. ती मात्र तो बराच वेळ वाचत बसला.

फॉर्म २९ आणि ३० आणून ठेवलेत. रविवारी वडिलांना घेऊन येतो म्हणालाय.