एकदांडीचें कूळ

कल्याणपुढील आंबिवलीस भातकापणीच्या दिवसांत एका बाईचें बोट विळ्यानें कापलेलें आम्हीं पाहिलें. तिनें बांधावरील एकदांडीचा पाला तळहातावर चोळून रस जखमेवर पिळला. थोड्याच वेळांत रक्त थांबलें व ती पुन्हां कामास लागली. ‘आमच्या ऋषींची विद्या ती हीच!’ असे उद्गार आमच्या तोंडून निघाले. पुढें ग्रंथ चाळतां ते आम्हांस परत घ्यावे लागले.

एकदांडी, म्हणजेच दगडी पाला, हिची जन्मभूमि अमेरिकेचा उष्ण प्रदेश. लिनीअसनें १७५३ सालीं तिचें शास्त्रीय नांव नोंदविलें. कोलंबसाच्या १४९२ मधील सफरीपूर्वीं ती आपल्याकडे आली असण्याचा संभव नाहीं. मग सुश्रुतास ती कोठून ठाऊक असणार? सुश्रुतानें रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत: तुरट द्रव्यांनीं जखम सांधणें, थंडाव्यानें रक्त गोठविणें, राखेनें जखम पक्व करणें आणि डाग देऊन शिरा आकुंचित करणें. त्यांत एकदांडीचें नांव असणें शक्यच नाहीं.

तेव्हां या परक्या तणाचा गुण आपल्याकडे पारखला तो पोथींत नांव नसलेल्या शेतकऱ्यांनीं व गुराख्यांनीं, असा आमचा तर्क आहे. हा मान आम्हांस पुराणत्वाहून मोठा वाटतो.

परंतु पारख झाली म्हणून सिद्धता झाली असें नव्हे. या पानांच्या अर्कानें रक्त गोठण्याचा अवधि घटल्याचें प्रयोगशाळेंतील परीक्षांत आढळलें आहे. तथापि काचेची नळी म्हणजे देह नव्हे, आणि लहान जखमेचें रक्त आपोआपही थांबतें. शिवाय वनस्पतींत उलट गुणही असतो. १९३३ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतीं एक शेतकरी मेलेली कालवड व न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या दारीं आला. गुरांनीं खाल्लेल्या नासक्या चाऱ्यांतून लिंक यांच्या प्रयोगशाळेनें १९३९ सालीं रक्त पातळ ठेवणारें द्रव्य निराळें काढिलें. त्याच कुळांतील वॉरफरिन १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें. आज तें मोजक्या मात्रेंत हृदयरोग्यांस देतात.

तेथें आरंभ शेतकऱ्याच्या डब्यानें झाला व शेवट मोजमापानें. आंबिवलीच्या त्या बाईनें आपलें काम केलें आहे. मोजमापाचें काम आम्हां शिकलेल्यांचें. तें सोडून आम्ही ऋषींचें नांव पुढें करितों, यांत ऋषींचा गौरव नाहीं आणि त्या बाईचाही नाहीं.