सिन्नरची दुपार आणि दोन मालकांचे घड्याळ

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या प्रांगणात सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा मोबाइलवर सरासरीने १२ वाजून ३४ मिनिटे झालेली असतात. बिघाड कशातच नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, सिन्नर साधारण ७४ अंशांवर, आणि एका अंशाला ४ मिनिटे!

यादवकाळातील या पंचायतन मंदिरात सूर्याचेही देवालय आहे. त्या काळी घटिकापात्राने वेळ मोजीत. तळाला छिद्र असलेले भांडे पाण्यात बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, सरली. मोजणी थोडीफार चुके. पण दुसऱ्या दिवशी सूर्योदयापासून ती नव्याने सुरू होई. घड्याळ रोज एकाच मालकाशी जुळवले जाई.

रेल्वे आणि तारायंत्राने दुसरा मालक आणला. रेल्वे मद्रास वेळेने धावू लागली, शहर मात्र मुंबई वेळेने चाले. अंतर सुमारे ३० मिनिटांचे. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्यातील महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच) यांनी मुंबईवर मद्रास वेळ लादण्याचा प्रयत्न केला. १८८३ मध्ये वाद राजाबाई टॉवरपर्यंत गेला. घड्याळ सरकारी वेळ दाखवणार नसेल, तर त्याच्या दिवाबत्तीचा खर्च देणार नाही, असे सरकारने बजावले. विद्यापीठाच्या सिनेटने मतदान घेऊन मुंबई वेळच राखली! १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा फरक ३९ मिनिटांचा होता. गिरणी कामगारांनी विरोध केला. मुंबई वेळ पुरती मावळली ती १९५५ साली.

आता हाच पेच संगणकात पाहा. एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात, त्यांना प्रोसेसर आळीपाळीने मिळतो. मशीन थांबवून पुन्हा सुरू केले, की त्याचे घड्याळ मागे पडलेले असू शकते. मग नोंदींचा क्रम उलटा लागतो. कर्बेरॉस पद्धतीत तर साधारणतः ५ मिनिटांहून अधिक फरक पडला की प्रवेशच नाकारला जातो.

उपाय म्हणून एनटीपी असते. पण पुष्कळ ठिकाणी यजमान यंत्राची साधनेही तेच घड्याळ जुळवीत राहतात. दोघांत तफावत असेल तर काटा मागेपुढे ओढला जातो, अगदी १८८३ च्या मुंबईसारखा. म्हणून नियमित जुळवणीचा अधिकार एकालाच द्यावा, आणि यजमानाचे घड्याळही बरोबर ठेवावे. क्रोनीसारखा प्रोग्राम लहान फरक घड्याळाची गती किंचित बदलून हळूहळू भरून काढतो. मोठी उडी मशीन सुरू होतानाच घेऊ द्यावी. चालत्या डेटाबेसखाली काळ मागे सरकवणे घातक ठरते.

मालक कोण, याचे उत्तर आज भारतात ठरलेले आहे. प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशाने संस्थांनी आपली घड्याळे तिच्या किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचा सर्व्हरही त्याला अपवाद नाही.