वीजपुरवठ्याचे दोषनिदान : अनेक ग्राफिक्स कार्डांचा गेमिंग संगणक

दोन किंवा अधिक ग्राफिक्स कार्डे असलेला संगणक भार पडताच बंद पडत असेल, तर वीज एसएमपीएसमध्ये (संगणकाच्या वीजपुरवठा संचात), केबलमध्ये, मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये की भिंतीतल्या प्लगमध्ये कमी पडते हे ठरवण्याची रीत. थ्रीडीएफएक्सने 1998 मध्ये व्हूडू 2 ही कार्डे जोडीने चालवण्याची सोय दिली. मात्र विजेचा प्रश्न खरा पेटला तो एनव्हिडियाचे एसएलआय (2004) आणि एटीआयचे क्रॉसफायर (2005) आल्यानंतर, कारण तोवर एकेक कार्डच स्वतंत्र केबल मागू लागले होते.

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट, आणि वरून लावलेल्या केबलींतून सहा पिनांच्या जोडणीला 75, आठ पिनांच्या जोडणीला 150 वॅट. जीफोर्स जीटीएक्स 580 (2010) हे कार्ड 244 वॅटचे. अशी दोन म्हणजे 488. त्या काळचा 130 वॅटचा कोअर आय 7 प्रोसेसर आणि पंखे, डिस्क, मदरबोर्ड यांचे साधारण 70 वॅट धरले, तर बेरीज 690 च्या आसपास जाते. जवळजवळ सगळा भार 12 व्होल्टच्या रेलवर (वाटेवर) पडत असल्याने हा प्रवाह 57 अँपिअरच्या घरात येतो. म्हणून खोक्यावरच्या ठळक वॅटच्या आकड्यापेक्षा एसएमपीएसच्या बाजूच्या लेबलवर 12 व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत, ते आधी वाचावे. स्वस्त एसएमपीएसमध्ये 3.3 आणि 5 व्होल्टच्या वाटा धरून एकूण आकडा फुगवलेला असतो, आणि त्या वाटांचा कार्डांना फारसा उपयोग नसतो.

संगणक बंद कसा पडतो यातच निम्मे उत्तर असते. एकदम सगळे विझले आणि मागचा स्विच बंद करून थोडे थांबल्याशिवाय बटणाला दाद मिळाली नाही, तर एसएमपीएसच्या संरक्षक मंडलाने स्वतःहून पुरवठा तोडलेला असतो. आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर व्होल्टेज क्षणभर घसरून ‘पॉवर गुड’ (व्होल्टेज ठीक असल्याचा) संकेत गेल्याची शक्यता तपासावी. पडदा गोठून ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याचा निरोप आला, तर संशय आधी ड्रायव्हरवर आणि ओव्हरक्लॉकिंगवर घ्यावा. पडद्यावर रंगीत ठिपके उमटले, तर बहुधा कार्डाच्या मेमरीवर. विंडोजच्या नोंदवहीतली ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद एसएमपीएसविरुद्धचा पुरावा म्हणून सर्रास दाखवली जाते. ती फक्त एवढेच सांगते, की मशीन रीतसर बंद झाले नव्हते. लोडशेडिंगमध्ये वीज गेली तरी हीच नोंद पडते.

यानंतरचे काम फुकटात होते. प्रत्येक कार्ड एकेकटे, त्याच स्लॉटमध्ये आणि त्याच केबलवर चालवून पाहावे; मग दुसरा स्लॉटही तसाच तपासावा. एकेकटी दोन्ही निर्धोक चालतात आणि एकत्र आली की मशीन पडते, असे दिसले तर सॉफ्टवेअरमधून दोघांची पॉवर लिमिट 70 टक्क्यांवर आणावी. तेवढ्याने त्रास थांबला, तर विजेवरचा संशय पक्का होतो. एसएमपीएस बाहेर काढून हिरवी तार काळीला जोडण्याची दुकानांतली चाचणी येथे निरुपयोगी आहे. एसएमपीएस सुरू होतो एवढेच तिच्यातून कळते. तक्रार तर भाराखालची असते.

मोजणी मल्टिमीटरने करावी. सॉफ्टवेअर दाखवते ते व्होल्टेज अनेकदा चुकीचे असते. कार्डात बसलेल्या प्लगच्या मागून पिवळ्या तारेलगत लाल प्रोब आणि काळ्या तारेलगत काळा प्रोब सरकवावा (नव्या एसएमपीएसच्या तारा सगळ्याच काळ्या असतात, तिथे पिनांची आकृती पाहावी), आणि भार देऊन आकडा बघावा. 11.4 ते 12.6 व्होल्ट ही मान्य मर्यादा. कार्डापाशी 11.3 आणि एसएमपीएसपाशी 11.9 दिसले, तर दोष केबलचा. एकाच केबलला पुढे दोन प्लग असतात आणि दोन्ही एकाच कार्डात खोचण्याचा मोह होतो, तेव्हा हे हमखास घडते. 150 वॅटसाठी तीन पिवळ्या तारांतून प्रत्येकी सुमारे 4.2 अँपिअर जातो; 300 वॅट त्याच तारांतून ओढले की 8.3. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. प्लग हाताला चटका देत असेल किंवा त्याचे प्लास्टिक तपकिरी पडले असेल, तर पुढे मोजत बसू नये.

बेरीज पुरेशी असूनही एसएमपीएस पुरवठा तोडतो, याची दोन कारणे सुटून जातात. पहिले, 12 व्होल्टची वाट अनेक रेलमध्ये विभागलेली असणे. जुन्या प्रमाणाप्रमाणे एका रेलला 240 व्होल्ट-अँपिअर, म्हणजे 20 अँपिअरची मर्यादा असे. दोन्ही कार्डांच्या केबली एकाच रेलवर आल्या की बाकीच्या रेल रिकाम्या असूनही पुरवठा तुटतो. केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये हलवली, की दोष जातो. एकाच पट्टीवर दोन चिप बसवलेल्या, 500 वॅटच्या रेडिऑन आर9 295एक्स2 (2014) साठी तर एएमडीने आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीला 28 अँपिअर मिळण्याची अट घातली होती. दुसरे कारण म्हणजे प्रवाहाच्या मिलिसेकंदापेक्षाही लहान उसळ्या. त्या मल्टिमीटरला दिसत नाहीत, ऑसिलोस्कोपच लागतो. 2022 च्या एटीएक्स 3.0 प्रमाणात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंद सोसावा अशी अपेक्षा आली, ती यामुळेच.

तीन-चार कार्डे असल्यास मदरबोर्डाकडे वळावे. चोवीस पिनांच्या जोडणीत 12 व्होल्टच्या तारा दोनच असतात, आणि स्लॉटमधून प्रत्येक कार्ड 5.5 अँपिअरपर्यंत ओढू शकते. म्हणून अशा बोर्डांवर स्लॉटजवळ जादा पॉवर सॉकेट असते. ते रिकामे ठेवणारे बरेच.

भिंतीकडची बाजू आपल्याकडे तरी वगळता येत नाही. 690 वॅट देणारा एसएमपीएस 87 टक्के कार्यक्षमतेने प्लगमधून 790 च्या वर ओढतो. घरगुती 600 व्हीएचा यूपीएस जेमतेम 360 वॅटचा असतो, तो गेम सुरू होताच टूं-टूं करणारच. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे मंडल) असलेले काही एसएमपीएस नीट चालत नाहीत. यूपीएस व एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढून थेट प्लगवर एकदा चालवून पाहावे.

एसएमपीएस उघडू नये : आतील मोठ्या कपॅसिटरवर 400 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. मॉड्युलर एसएमपीएस बदलला, तर त्याच्याच केबली वापराव्यात. एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक वेगळी असते. जुनी केबल अचूक बसते आणि हार्ड डिस्क जाळून टाकते.

जीफोर्सच्या 40 मालिकेत (2022) कार्डे जोडण्याची सोयच उरली नाही. मात्र 575 वॅटचे आरटीएक्स 5090 (2025) एकटेच दोन जीटीएक्स 580 पेक्षा अधिक वीज घेते, आणि तीही सोळा पिनांच्या एकाच प्लगमधून. त्यामुळे वरील मोजणी एका कार्डाच्या मशीनलाही लागू पडते.