दाखला आणि शपथपत्र

स्थानिक निवडणूक जवळ आली की आमच्या शाळेच्या कार्यालयात जुन्या दाखल्यांसाठी माणसे येऊ लागतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. जनरल रजिस्टरमधल्या जुन्या नोंदी उर्दूत आहेत आणि जात पडताळणीसाठी त्यांचे मराठी भाषांतर लागते, म्हणून कारकून मला हाक मारतो.

मागच्या खेपेस एक चाचा आले होते. त्यांची मुलगी नगरपरिषदेला उभी राहणार होती. जागा ओबीसी महिलेसाठी राखीव. त्यांना त्यांच्या वडिलांची नोंद हवी होती. रजिस्टर काढले, नाव सापडले. जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, मुसलमान.

“सर, आम्ही पिढीजात पिंजारी. बापाने गाद्या भरून आम्हाला वाढवलं. मग इथं पिंजारी का नाही लिहिलं?”

“चाचा, लिहिणाऱ्याने तेव्हा जात विचारलीच नसेल.”

तीन दिवस आम्ही जीर्ण पाने उलटत होतो. शेवटी त्यांच्या चुलत्याच्या नोंदीत कोण्या गुरुजींनी ‘पिंजारी’ लिहिलेले सापडले. चाचांचे डोळे भरून आले. जाताना ते म्हणाले, “माझ्या पोरीचे तीन पिढ्यांचे कागद तपासतात. बरोबर आहे, तपासावेत. पण शेजारच्या वॉर्डातून तो उभा आहे, त्याचं कोण तपासतं?”

‘तो’ म्हणजे कोण हे मला सांगावे लागले नाही. त्याच्यावर मारहाणीचा खटला चालू असल्याचे चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक होते. पुढे त्याचे शपथपत्र पाहिले, तर गुन्ह्यांच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले होते. चाचांना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर शोधताना जो इतिहास वाचला, तो इथे मांडतो.

आधी जातीच्या कागदाविषयी. मुसलमानांतही पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, खाटीक, मोमीन अशा मागास बिरादऱ्या आहेत आणि त्यांना ओबीसींचे हक्क मिळाले पाहिजेत, यासाठी महाराष्ट्रात मोठे आंदोलन झाले. शब्बीर अन्सारींनी ते उभे केले, दिलीपकुमार यांनी त्यासाठी सभा गाजवल्या. हक्क मिळाला, पण त्याला पुरावा लागतो. आपल्या राज्यात ओबीसींना साधारणपणे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदी दाखवाव्या लागतात. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात पडताळणीची पद्धत घालून दिली आणि २००० चा कायदा पुढे लागू झाला. समिती असते, दक्षता पथक असते, ते घरी येऊन चौकशी करते. मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिले नाही तर निवडून आलेल्याचे पद जाते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक ठरवली, तेव्हा राज्यातल्या अनेक नगरसेवकांची पदे धोक्यात आली आणि सरकारला कायदा बदलून मुदत वाढवावी लागली. खोट्या दाखल्यांनी खऱ्या मागासांची जागा लाटली जाऊ नये यासाठी ही छाननी आहे. तिला माझी हरकत नाही.

आता दुसरा कागद, म्हणजे शपथपत्र. गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती उमेदवार त्यात देतो. हा कागद आपल्याला सहज मिळालेला नाही.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात शिक्षा झालेल्याला अपात्र ठरवण्याची तरतूद होती, पण खटला चालू असलेल्याने तो मतदाराला सांगावा असे बंधन नव्हते. मार्च १९९३ मध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर केंद्रीय गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गुन्हेगारी टोळ्या, राजकारणी आणि अधिकारी यांच्या साटेलोट्याबद्दल तिने त्याच वर्षी अहवाल दिला. तो संसदेसमोर यायला १९९५ उजाडले.

१९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही त्यांची संस्था. त्यांची मागणी साधी होती. ज्याला मत द्यायचे त्याच्यावर कोणते खटले आहेत, हे मतदाराला कळू द्या. नोव्हेंबर २००० मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे २००२ रोजी तिथेही मतदाराचाच विजय झाला. उमेदवाराची पार्श्वभूमी जाणणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

त्यानंतर जे घडले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष जुलै २००२ मध्ये एका बैठकीत बसले आणि निवडणूक आयोगाचा आदेश मानायचा नाही यावर त्यांचे एकमत झाले. ऑगस्टमध्ये सरकारने वटहुकूम आणला. कायद्यात आहे तेवढीच माहिती द्यायची, न्यायालयाने सांगितलेली जादा माहिती देण्याचे बंधन नाही, असा त्याचा आशय. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना पदावर येऊन महिनाच झाला होता. त्यांनी वटहुकूम परत पाठवला. मंत्रिमंडळाने तो तसाच पुन्हा धाडला, तेव्हा घटनेनुसार त्यांना सही करावी लागली. पुढे त्याचा कायदा झाला. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातले ते कलम रद्द केले. तेव्हापासून शपथपत्र आले. राज्य निवडणूक आयोगांनी ते स्थानिक निवडणुकांनाही लावले.

मात्र २००३ च्या त्याच निकालात एक गोष्ट राहिली. मालमत्तेची माहिती खोटी वाटली म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने छाननीच्या वेळी अर्ज फेटाळू नये, असे न्यायालयाने सांगितले. कारणही पटण्यासारखे आहे. काही तासांत खरे-खोटे ठरवता येत नाही, आणि तो अधिकार दिला तर विरोधकाचा अर्ज उडवण्यासाठी तो वापरला जाईल. २०१३ मध्ये एवढे स्पष्ट झाले की रकाने कोरे ठेवता येणार नाहीत, समज देऊनही कोरे ठेवले तर अर्ज फेटाळता येईल. म्हणजे रिकामा रकाना अडतो, पण ‘निरंक’ लिहिलेला पुढे सरकतो.

मग खोटे पकडायचे कसे? तमिळनाडूतल्या एका ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाने २००६ च्या निवडणुकीत आपल्यावरची अनेक प्रकरणे लपवली होती. विरोधात गेलेल्या माणसाने ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. ५ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल लागला. गंभीर गुन्हे लपवणे म्हणजे मतदारावर गैरवाजवी दबाव आणणे, तो भ्रष्ट मार्ग ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. खेड्यातल्या निवडणुकीतून निघालेला हा निकाल देशभर लागू आहे. पण त्याला नऊ वर्षे लागली आणि कोर्टात जाणारा एक माणूस लागला.

तिकीट देणाऱ्या पक्षांची जबाबदारी त्यानंतर आली. २०१८ मध्ये न्यायालयाने उमेदवार आणि पक्ष दोघांनाही गुन्ह्यांची माहिती वृत्तपत्रांत प्रसिद्ध करायला सांगितले. फेब्रुवारी २०२० मध्ये लोकसभा-विधानसभेसाठी आणखी कडक आदेश आला. असा उमेदवार का निवडला आणि गुन्हा नसलेला दुसरा का मिळाला नाही, हे पक्षाने लिहून द्यावे, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकमेव कारण चालणार नाही. त्या वर्षी बिहारमध्ये हा आदेश नीट पाळला नाही म्हणून २०२१ मध्ये अनेक पक्षांना दंड झाला. बहुतेकांना एक लाख, दोघांना पाच लाख. एका प्रचारसभेच्या मंडपाचा खर्च याहून जास्त असतो.

आता चाचांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. त्याचे कोणीच तपासत नाही. चाचांच्या मुलीचा कागद तपासायला सरकारने समिती नेमली. त्याचा कागद तपासायचे काम कायद्याने मतदारावर सोडले आहे. आणि मतदार म्हणजे आपण, टपरीवर बसून सगळे माहीत असलेले. त्या वेळी मीही गप्प बसलो. शिक्षक आहे, निवडणुकीची ड्युटी असते, कशाला वाईटपणा घ्यायचा, असे स्वतःला सांगितले. मतदान केंद्राबाहेर उमेदवारांच्या माहितीचा कागद चिकटवलेला होता. रांगेतल्या एकानेही थांबून तो वाचला नाही.

हा कागद वाचताना घाईही नको. गुन्हा दाखल होणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. वर्षानुवर्षे तुरुंगात काढून निर्दोष सुटलेली पोरे आपण पाहिली आहेत. पाण्यासाठी मोर्चा काढला म्हणून लागलेले जमावबंदीचे कलम आणि खंडणीचे कलम यांना एकाच तराजूत तोलू नये. म्हणून खटल्यांचा आकडा मोजण्यापेक्षा कलम कोणते, आरोप निश्चित झाले का, हे पाहावे. मालमत्तेचा रकाना मागच्या निवडणुकीच्या शपथपत्राशेजारी ठेवून वाचावा. पाच वर्षांत काय वाढले आणि कशातून, हे नगरसेवकाला विचारायला वकील लागत नाही. आणि आपल्या बिरादरीचा आहे म्हणून रकाना न वाचता सोडून देऊ नये. सोयरीक जुळवताना आपण मुलाच्या गावी जाऊन चार घरे विचारतो, तेव्हा तो आपल्याच बिरादरीचा असतो तरी विचारतो.

आमच्या मोहल्ल्यात एक अडचण आणखी आहे. शपथपत्र मराठीत असते आणि बरीच वडीलधारी माणसे फक्त उर्दू वाचतात. रजिस्टरातली उर्दू समितीसाठी मराठीत आणायचे काम मी करतोच. पुढच्या निवडणुकीत उलट दिशेचे कामही करायचे ठरवले आहे. प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रे, एकही न वगळता आणि माझा एक शब्द न घालता, उर्दूत लिहून काढायची. पहिली प्रत चाचांना देणार आहे.