धड नॉर्टनचं, काळीज ट्रायम्फचं

ट्रायटनची गोष्ट बहुतेक वेळा एका मोटारीपासून सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींची टूम निघाली. स्टर्लिंग मॉस पुढे आला तो अशाच कूपर गाड्या चालवून. या मोटारींना इंजिन लागायचं मोटरसायकलचं, आणि नॉर्टन मँक्सच्या इंजिनाला तोड नव्हती. पण नॉर्टन नुसतं इंजिन विकायला राजी नव्हती. हवी तर अख्खी गाडी घ्या! मग मोटारवाले अख्खी मँक्स घेत, इंजिन उचलत आणि उरलेली गाडी विकून टाकत.

हे जे उरायचं तेच खरं घबाड होतं. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने भाऊ क्रोमीच्या साथीने बनवलेली ती फ्रेम. इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण नसलेला हा माणूस. पोलादी नळीची दोन वेटोळी, हँडलच्या मानेपाशी एकमेकांना छेदणारी, सगळा सांधा वेल्डिंगचा. मागे स्विंगआर्म आणि शॉकॲब्सॉर्बर. १९५० साली आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतींत ज्युनिअर आर्टी बेलने आणि सीनिअर जेफ ड्यूकने जिंकली, दोघेही याच फ्रेमवर. हॅरल्ड डॅनियल या रेसरने ती चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाला, असं सांगतात. तेव्हापासून तिचं नाव 'फेदरबेड'.

दुसरीकडे ट्रायम्फ. एडवर्ड टर्नरचं १९३७ सालच्या स्पीड ट्विनमधलं जोडसिलिंडर इंजिन वाढत वाढत ६५० सीसीचं झालं होतं. चपळ, सोपं, सुटे भाग कुठेही मिळणारं. पण ट्रायम्फची स्वतःची फ्रेम वेगात वळणावर डुलायची. तेव्हा पोरांनी सरळ हिशेब केला: धड याचं, काळीज त्याचं. गणपतीची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला त्यात फारसं नवल वाटू नये. ट्रायम्फमधला 'ट्राय', नॉर्टनमधला 'टन', झाली ट्रायटन.

मोटारीच्या गोष्टीत एक गोम आहे. रस्त्यावर आलेल्या सगळ्या ट्रायटनना पुरतील इतक्या इंजिन काढलेल्या मँक्स येणार कुठून? बहुतेक फ्रेम आल्या त्या नॉर्टनच्याच रस्त्यावरच्या डॉमिनेटरमधून. डॉमिनेटरला स्वतःचं जोडसिलिंडर इंजिन होतं आणि ते वाईट नव्हतं. म्हणजे टाकाऊतून टिकाऊ ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी अशी, की चालती नॉर्टन मोडल्याशिवाय बहुतेक ट्रायटन उभी राहत नव्हती. ट्रायटनवर प्रेम करणारे हा भाग पटकन उरकतात.

जोडणी मात्र ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, मग त्यावरून ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून इंजिन प्लेटा काढायच्या आणि कानस मारत बसायचं. ट्रायम्फचा गिअरबॉक्स तेव्हा इंजिनापासून वेगळा असे, त्यामुळे इंजिन थोडं पुढे-मागे सरकवता येई. पुढच्या चाकावर भार हवा म्हणून ते पुढे घ्यायचं, पण हेड काढायला वरच्या नळीखाली जागाही राहायला हवी. चेनची ओळ जराशी चुकली तरी चेन स्प्रॉकेट खाते. शिवाय दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होणाऱ्या या इंजिनाची थरथर. नव्या फ्रेममध्ये ती वेगळीच जाणवे, म्हणून चोखंदळ लोक क्रँकशाफ्टचं बॅलन्सिंग नव्याने करून घेत.

हे सगळं कशासाठी? लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे होता, रात्रंदिवस उघडा. ताशी शंभर मैल म्हणजे तिथल्या पोरांच्या भाषेत 'टन'. १९६५ सरेपर्यंत वस्तीबाहेरच्या इंग्लिश रस्त्यांवर वेगमर्यादाच नव्हती. वर्तमानपत्रांनी या पोरांना गुंड ठरवलं. त्यातली काही मेलीही, आणि त्या मरणांना रंगवून सांगण्यात काही अर्थ नाही.

पण ट्रायटन म्हणजे फक्त उनाडपणा हा समज १९६५ साली बार्सिलोनात मोडला. डेव्ह डेगन्सने लंडनच्या आपल्या ड्रेस्डा वर्कशॉपमध्ये बांधलेली ट्रायटन घेऊन त्याने आणि रेक्स बुचरने मॉन्टयुइकची चोवीस तासांची शर्यत जिंकली. एका फेरीचा वेग कुणीही दाखवेल. एका कारखान्याच्या फ्रेममध्ये दुसऱ्याचं इंजिन दिवसरात्र टिकवायचं, तर मघाच्या त्या प्लेटा आणि चेनची ओळ चोख असावी लागते.

१९७३ साली डबघाईला आलेल्या ब्रिटिश मोटरसायकल धंद्याची मोट बांधली गेली आणि नॉर्टन व्हिलिअर्स ट्रायम्फ नावाची एकच कंपनी झाली. पोरांनी शेडमध्ये ते लग्न कधीच लावून टाकलं होतं.

आता गंगा उलटी वाहते. जुन्या नॉर्टनला भाव आहे, इंजिन आणि फ्रेमचे मूळ नंबर जुळणाऱ्या नॉर्टनला फारच. म्हणून कुणी कुणी चालती ट्रायटन सोडवून तिच्यातून पुन्हा 'अस्सल' डॉमिनेटर उभी करतो. तेव्हा बाजूला पडतं ते ट्रायम्फचं इंजिन, आणि साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कानसून बसवलेल्या दोन प्लेटा.