दोर कापण्यापूर्वी

परवा रात्री पुतण्याचा फोन आला. जेवण करून अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. म्हणाला, "काका, राजीनामा द्यायचं ठरवलंय. पुण्याला जातो, पूर्णवेळ एमपीएससीच करतो. खर्चासाठी आई दीड एकर विकायला तयार आहे."

मी म्हटलं, अरे कारखान्यावरची नोकरी आहे हातात, ती सांभाळून अभ्यास कर की. त्यावर तो जे बोलला त्यानं दोन दिवस झोप उडवली आहे.

"काका, तुम्हीच सांगायचात ना, परतीचे दोर कापल्याशिवाय गड सर होत नाही म्हणून?"

सांगायचो खरं. तीस वर्षं मास्तरकी केली. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदनानंतर भाषण माझ्याकडे असायचं. सुरुवात सिंहगडाची आणि शेवट स्वामी रामानंद तीर्थांचा. हा पुतण्या तेव्हा आमच्याकडे अंबाजोगाईला राहून शिकत होता. पहिल्या रांगेत बसून ऐकायचा. मुलं भाषणं ऐकत नाहीत असं आपल्याला वाटत असतं, पण तसं नसतं.

तर सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, तानाजी पडले, मावळे परत फिरायला लागले आणि सूर्याजीनं दोर कापून टाकले. आपल्या भाषेला हा वाक्प्रचारच त्या रात्रीनं दिला. आता गंमत अशी, की १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत दोर कापल्याचा प्रसंग नाही. सूर्याजीनं हिंमत धरून लोक सावरले, अशा अर्थाचं आहे. दोरांची गोष्ट नंतरच्या कथनांतून आपल्यापर्यंत आली. पण ती जशीच्या तशी खरी धरली तरी त्यातली एक साधी बाब मी मुलांना कधी सांगितली नाही. दोर कापले तेव्हा माणसं वर पोचलेली होती! कड्याच्या पायथ्याशी उभं राहून कुणी दोर कापला नाही. तसं केलं असतं तर चढणार कशानं?

पुतण्यानं मला फोनवर त्या स्पॅनिश कोर्तेसचंही उदाहरण दिलं, जहाजं जाळली वगैरे. कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं असणार. १५१९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर त्यानं जहाजं निकामी केली हे खरं, पण जाळली नव्हती. आणि त्याआधी शिडं, दोरखंड, लोखंडी सामान सगळं काढून ठेवलं होतं. दोन वर्षांनी तेनोच्तित्लानच्या सरोवरात लढायला छोटी जहाजं बांधली तेव्हा तेच सामान उपयोगी पडलं. माणूस क्रूर होता, त्याचं कौतुक नको. पण मोडतानासुद्धा काय शिल्लक ठेवायचं हे त्याला कळत होतं.

असो. मला खरं बोलायचंय ते स्वामीजींबद्दल, कारण भाषणात मी त्यांच्यावरच अन्याय केला असं आता वाटतंय.

आमच्या गावात स्वामीजींचं नाव रोज हजारदा घेतलं जातं, फक्त ते नाव आहे हे कुणाच्या लक्षात नसतं. "स्वारातीला ॲडमिट केलंय" म्हणतात ना, ते स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर, जन्म १९०३ चा. मी भाषणात म्हणायचो, "एका क्षणात सगळ्यावर पाणी सोडलं!" टाळ्या पडायच्या. पण एका क्षणात काहीच सोडलेलं नाही हो. १९२० साली लोकमान्य गेले तेव्हा सोलापुरात शिकणाऱ्या या सोळा वर्षांच्या मुलानं अविवाहित राहून देशाचं काम करायची शपथ घेतली. हा पहिला दोर. पण त्यानंतर शिक्षण सोडलं नाही, एम.ए.पर्यंत शिकले. ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत काम केलं. मग हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. तिथे १९३२ ला संन्यास घेतला, म्हणजे घर गेलं, नावसुद्धा गेलं. हा दुसरा दोर. आणि संन्यास घेऊन हिमालयात गेले का? नाही. शाळाच चालवली. १९३५ ला आमच्या गावी आले (तेव्हा मोमिनाबाद) आणि योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. भगव्या वस्त्रातला माणूस वेळापत्रक लावतोय, वर्गांवर फिरतोय, हे चित्र मला फार आवडतं. निजामी राज्य, सभा घ्यायची तर 'गस्ती निशान ५३' खाली परवानगी काढा, अशा काळात शाळा हीच काय ती माणसं जमायची जागा.

१९३८ ला तीही सोडली. स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच सप्टेंबरात बंदी आली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. पहिल्या दोरापासून हा शेवटचा दोर कापेपर्यंत मध्ये १८ वर्षं गेली. आणि मागे शाळा उघडी पडली नाही. हिप्परग्याहून त्यांच्याबरोबर आलेले बाबासाहेब परांजपे होते, इतर मंडळी होती. शाळा आजही आहे.

पुढचं तर मी भाषणात कधी घेतलंच नाही, कारण टाळ्या थांबल्या असत्या. ज्यासाठी सगळं सोडलं तो सत्याग्रह त्याच डिसेंबरात स्थगित झाला. दोर कापलेले, आणि गड आहे तिथेच. पुन्हा १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह, पुन्हा १९४२, पुन्हा तुरुंग. १७ सप्टेंबर १९४८ उजाडायला दहा वर्षं लागली, आणि त्या दिवशी ते सुटले तेही तुरुंगातूनच. अशी दहा वर्षं काढायची तयारी त्यांनी आधीच्या अठरा वर्षांत केली होती, असं मला वाटतं.

पुतण्या सत्तावीस वर्षांचा आहे. हुशार आहे, कष्टाळू आहे. पण सूर्याजीनं दोर कापले त्याचा परिणाम शेजारी लढणाऱ्या माणसांवर झाला. आयोगाच्या प्रश्नपत्रिकेला काय कळणार, समोरच्यानं जमीन विकलीय की नाही? जागा तेवढ्याच निघणार. शिवाय हा दोर त्याच्या एकट्याचा नाही. दादा गेल्यापासून वहिनींनी त्या दीड एकरावर दोन पोरांची शिक्षणं केली. धाकटीचं लग्न व्हायचंय. दुसऱ्याच्या कमरेचा दोर आपण कापायचा आणि त्याला त्याग म्हणायचं, हे काही मला पटत नाही.

त्याच्याच गावातनं, गेवराईकडून, दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतली की मधेच परतता येत नाही. फिटली नाही तर पुढच्या सालाच्या हिशेबात चढते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. त्यांचे दोर कापलेलेच असतात आणि त्यावर कुणी भाषण करत नाही. माझ्या वर्गात त्यांची पोरं बसायची, आईबाप गेलेले, आजीकडे राहणारी. त्यांच्यासमोर मी सूर्याजी रंगवायचो. ती पोरं काय समजत असतील, हा प्रश्न मला निवृत्त होईपर्यंत पडला नाही.

म्हणजे मी त्याला अडवायचं का? तेही जमत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मला पीएचडी करायची होती, विषयही ठरला होता, मुक्तिसंग्रामातल्या शाळा. पगार सोडायचा धीर झाला नाही आणि नोकरी सांभाळूनही केली नाही. ती टिपणं कपाटात आहेत, आज या लिखाणासाठी काढली तर वाळवी लागलेली. मग कुठल्या तोंडानं सांगणार की दोर राखून चढता येतं?

आज सकाळी वहिनींचा फोन आला होता. पोरानं राजीनामा लिहून ठेवलाय, दिलेला नाही अजून. काकांशी बोलून देतो म्हणतो. आणि जमिनीला गिऱ्हाईक आलंय, सोमवारपर्यंत सांगा म्हणतंय.

उद्या सकाळच्या एसटीनं गेवराईला निघतोय. टिपणांची वही बरोबर घेतली आहे, आहे तशी, वाळवीसकट.